रेजिना टीचर आणि माडीची किल्ली

रेजिना टीचरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या पायांमुळे. शिक्षक म्हणून शाळेतला माझा पहिला दिवस होता. नवी पँट, नवे बूट, काखेत भूगोलाचे नकाशे अशा थाटात निघालो आणि शाळेच्या अलीकडे बांधावरून सायकल घसरून गुडघाभर चिखलात गेलो. तसाच स्टाफरूमच्या दारात उभा राहिलो. आतले सगळे हसले. कोपऱ्यातून एक शिडशिडीत बाई उठल्या, बाहेरच्या नळावरून बादली भरून आणली आणि म्हणाल्या, "सर, आधी पाय धुऊन घ्या. ओल्या मोज्यांत दिवसभर उभे राहिलात तर चिखल्या होतील." मग पिशवीतून पंचा काढून माझ्या हातात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पंचा मात्र मी दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून परत केला.

त्या वेळी टीचर पाचवीला मराठी शिकवत. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. वर्षभरात 'सर' गळून पडलं आणि मी 'फेलिक्स' झालो, तो आजतागायत. यंदा टीचरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला 'टीचरांच्या बेघरांसाठीच्या कार्याचा प्रेरणादायी आढावा' लिहायला सांगितलं आणि 'प्रेरणादायी' या शब्दाखाली रेघ ओढली. मी तीन वेळा लिहायला बसलो आणि तीनही वेळा कागद फाडले. शेवटी जे घडलं ते सांगायचं ठरवलं. त्यात कुणाला प्रेरणा सापडली तर त्याने ती खुशाल घ्यावी. मला अजून सापडलेली नाही.

निवृत्त झाल्यावर आपल्याकडचे शिक्षक एक तर वाडीत केळी-फुलझाडं बघतात, नाही तर चर्चच्या कमिटीत शिरतात. टीचर यांपैकी काहीच करू शकल्या नाहीत. त्यांना वाडी नाही. वडिलांच्या घरातली एक खोली त्यांच्या वाट्याला आली आणि त्या खोलीत त्या अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीसह राहतात. दोन खाटा, एक कपाट, येशूची तसबीर आणि मधून चालायला हातभर वाट. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे कुणी विचारेल की टीचरांनी स्वतःच्या घरी कुणाला का नाही ठेवलं.

दर गुरुवारी सकाळी टीचर विरार पूर्वेला जात. फुलपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, बाजाराच्या ओट्यांवर माणसं पडलेली असत. टीचरांच्या पिशवीत प्लॅस्टिकचा टब, साबण, जंतुनाशकाची बाटली, मलम, जुन्या साडीच्या चिंध्या आणि जाड नखं कापायची मोठी कात्री असे. जेवण नसे. मी निवृत्त होऊन त्यांच्याबरोबर जाऊ लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी शहाणपणा केला. म्हटलं, "टीचर, भुकेल्या माणसाचे पाय धुऊन त्याला काय मिळणार?"

"अन्न द्यायला रोज कोणी ना कोणी येतं, फेलिक्स. फोटो काढतात आणि जातात. नखं कोण कापणार?" त्या म्हणाल्या आणि समोरच्या म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेतला.

टीचर पाय बघून माणूस वाचत. तळव्याला कुरूप असेल तर हा पायपीट करणारा, भंगार गोळा करतो. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडल्या असतील तर हा ओल्यात झोपतो, याची जागा बदलायला हवी. टाचा अजून मऊ असतील तर हा नवीन आहे, परवापरवापर्यंत याला घर होतं. अशा मऊ टाचेच्या माणसाजवळ त्या जास्त वेळ बसत. त्या म्हणत, "माणूस एका दिवसात बेघर होत नाही. आधी त्याच्या नावाचं ताट वाढायचं थांबतं. मग त्याला हाक मारायचं थांबतं. घर जातं ते सगळ्यात शेवटी." अनधिकृत ठरलेल्या एका इमारतीवर हातोडा पडला, त्यानंतरच्या काही गुरुवारी मऊ टाचा इतक्या वाढल्या की आमचं पाणी पुरेना. तेव्हा टीचरांनी चर्चच्या पॅरिशचा हॉल पावसाळ्यापुरता मागितला. कमिटी म्हणाली, लग्नांचं बुकिंग आहे. पावसाळ्यात आपल्याकडे लग्नं होतात किती, हे तुम्हांला ठाऊक आहे.

टीचरांच्या श्रद्धेबद्दल लिहायला हवं. लोक भाषणांत म्हणतात, टीचरांना या गरिबांत येशू दिसतो. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "खरंच दिसतो का हो?" त्या चिंधी पिळत होत्या. म्हणाल्या, "नाही रे. मला पाय दिसतात. त्याने पाय धुवायला सांगितलंय. 'मी दिसेन' असं त्याने कुठे कबूल केलंय?" मी आयुष्यभर प्रवचनं ऐकली, पण एवढं खरं वाक्य मला कुठल्या प्रवचनात मिळालं नाही.

आता सांतानकडे येतो. याच्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे.

बाजाराच्या ओट्यावर एक दाढीवाला माणूस असे. पन्नाशीचा असेल. बोलत नसे. पाय पुढे करी, नखं कापून घेई, डोकं हलवी, झालं. वर्षभर हेच चाललं. त्या वर्षी पवित्र सप्ताहाच्या आधी टीचर फादरांकडे गेल्या. आपल्या वाचकांत ख्रिस्ती नसलेलेही आहेत म्हणून सांगतो: पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर वेदीसमोर बसलेल्या बारा जणांचे पाय धुतात, येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले तसे. आमच्या गावात ते बारा कोण, यावर महिनाभर आधी रुसवेफुगवे होतात. ज्यांचा नंबर लागतो ते घरून पाय घासूनपुसून, पावडर लावून येतात. मीही एका वर्षी तसाच गेलो होतो; बायकोने टाचेला खोबरेल तेल चोळून दिलं होतं. टीचर फादरांना म्हणाल्या, "बारांतला एक तरी पाय खरोखर मळलेला असू द्या." फादर तरुण होते. त्यांनी मान्य केलं.

टीचरांनी त्या दाढीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "येतो. पन दाढी काढून." दाढी निघाली, केस निघाले आणि टीचर त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"तू सांतान ना रे? पाचवी ब?"

"व्हय टीचर. मी तुमाला पैल्याच दिवशी वळखलं. तुमी नाय वळखलं तेच बरं वाटलं."

सांतान आमच्याच गावचा, भातशेतीवाल्या घरातला. दारू, भांडण, कुठल्याशा जहाजावरची नोकरी, पुन्हा दारू, असं करत वीस वर्षांपूर्वी गावातून नाहीसा झालेला. मी मूळचा शेजारच्या गावचा; इथे राहायला आलो तोवर तो निघून गेला होता, त्यामुळे त्याला पाहिलेलं नव्हतं. पण त्याचा थोरला भाऊ बस्त्याव माझ्या रोजच्या बैठकीतला.

पवित्र गुरुवारी फादरांनी सांतानच्या पायावर पाणी ओतलं आणि तिसऱ्या बाकावरून बस्त्याव उठला. "माझा भाव! माझा सांतान!" म्हणत पुढे धावला आणि त्याच्या गळ्यात पडला. अख्खं चर्च रडलं. मी रडलो, फादर रडले. टीचर मात्र रडल्या नाहीत. त्या नुसत्या हसत होत्या, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. ईस्टरला सांतान भावाच्या घरी जेवला. टीचर म्हणाल्या, "फेलिक्स, एक माणूस घरी गेला. आता मी मेले तरी चालेल."

सातबाऱ्यावर सांतानचं नाव होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. गावातली निम्मी भातशेती इमारतींखाली गेलेली, दर घरात वाटणीवरून बोलणं बंद झालेलं, आणि आम्ही मात्र चर्चमध्ये धुपाच्या धुरात डोळे पुसत बसलो. बाहेरचा कुणी असता तर त्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं की वीस वर्षांनी भावाला भावाची आठवण आली ती कशी. आम्हांला नाही सुचलं. आम्हांला बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला, घर सोडून गेलेला मुलगा परततो आणि बाप त्याला कवटाळतो तो, तोंडपाठ होता.

महिन्याभराने बस्त्याव माझ्या घरी आला. म्हणाला, "सर, एक सही पायजेल. साक्षीदार म्हनून. सांतान आपला हिस्सा माज्या नावावर सोडते. राजीखुशीनं. तुमी मास्तर मानूस, तुमची सही असली की कोन शंका घेनार नाय."

मी गेलो. रजिस्ट्रार कचेरीच्या बाकावर सांतान इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मी त्याला विचारलं, "सांतान, तुला कळतंय ना काय लिहिलंय?" तो म्हणाला, "दादा सांगते ते बरोबर असंल. मला खोली देनार हाय." ती खोली कागदावर कुठे होती? मी कागद उलटून पाहिला नाही. पस्तीस वर्षं पोरांना सांगत आलो की नकाशाखालची सूची वाचल्याशिवाय नकाशा वाचू नका. त्या दिवशी सूची वाचली नाही, नकाशाही वाचला नाही. सुवाच्य अक्षरात सही ठोकली आणि टीचरांना सांगायचं टाळलं. का टाळलं? मनात कुठे तरी कळत होतं म्हणूनच टाळलं.

पावसाळ्याच्या तोंडावर नवं बांधायला म्हणून बस्त्यावने जुनं घर पाडलं. कुटुंब तात्पुरतं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेलं. सांतानला सांगितलं, "जागा कमी हाय, थोडे दिवस कुठं तरी काढ." पुढच्या गुरुवारी तो पुन्हा त्याच ओट्यावर होता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पाय अनवाणी होते.

टीचरांनी टब खाली ठेवला. मग त्याचा पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, "काय झालं?" त्याने सगळं सांगितलं. शेवटी माझ्याकडे बोट करून अगदी साधेपणाने म्हणाला, "सर पन होते सहीला." त्याच्या मनात राग नव्हता. मी हजर होतो, याची साक्ष तो देत होता.

टीचर मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वतःलाच म्हणत राहिल्या, "मीच त्याची दाढी काढली. मीच त्याला तिथे बसवलं. तो लपून होता तेच बरं होतं." पंचाहत्तर वर्षांच्या या थोर आयुष्यावर जर काही डाग असेल, तर तो हा, असं त्या स्वतः मानतात. मी सांगतो, तो डाग त्यांचा नाही. सही माझी आहे.

दोन दिवसांनी टीचर माझ्या घरी आल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "फेलिक्स, तुझी माडी रिकामी आहे. पावसाळ्यापुरती सांतानला दे. मी त्याच्या दारूची हमी देत नाही. बाकी सगळं मी बघेन."

आमची माडी मुलासाठी बांधलेली. रोहन कॅनडाला गेला त्याला बरीच वर्षं झाली. दोन खोल्या, संडास-बाथरूम, वेगळा जिना. पलंगावरच्या गादीचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेली असते. आमच्या गावात अशा माड्या घरटी सापडतील. आत राहायला कोणी नाही आणि बाहेरच्यांना आत यायला वाव नाही. मी टीचरांना म्हणालो, "रोहनला विचारून सांगतो."

मी रोहनला विचारलं नाही. तीन आठवडे टीचरांनी वाट पाहिली. दर गुरुवारी त्या फक्त बघत. मी म्हणे, "त्याची ड्यूटी बदललीय, फोन लागत नाही." ऑगस्टमध्ये सांतानला ताप आला. टीचरांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, औषधं आणली, पण औषध घेऊन माणूस ओल्या ओट्यावरच झोपणार. सप्टेंबरात, मारियामातेच्या जन्माच्या सणाच्या आठवड्यात, एका सकाळी बाजारातल्या भाजीवालीचा टीचरांना फोन आला. "ओ टीचर, तुमचा तो आदमी उठता नहीं है."

सांतानला गावच्या दफनभूमीत जागा मिळाली. बस्त्याव पुष्पचक्र घेऊन आला आणि खरोखर रडला. ते खोटं रडणं नव्हतं, हे मला आजही पटतं. घंटा वाजली. गाव जमलं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी टीचर पुढे झाल्या. त्यांनी पिशवीतून कात्री काढली, सांतानचे मोजे उतरवले आणि सगळ्या गावासमोर शांतपणे त्याची नखं कापली. दहाही बोटांची. कुणी त्यांना थांबवलं नाही. मग मोजे परत चढवले आणि त्या मागे येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

मला वाटलं होतं, आता टीचर माझ्या घरची पायरी चढणार नाहीत. पण टीचरांचा मोठेपणा असा की त्या पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी पुन्हा आल्या. "फेलिक्स, एक बाई आहे, दोन मुली आहेत. बिल्डिंग पाडली. चार महिन्यांचा प्रश्न आहे." मी म्हणालो, वर ओल आली आहे. त्याच्या पुढच्या वर्षी आल्या. मी म्हणालो, रंगकाम काढतोय. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालो, रोहन येणार आहे. रोहन आला नाही. टीचरांनी कधी "येणार होता ना?" असं विचारलं नाही. माझी बायको एलिझा एकदा चिडून म्हणाली, "तुम्ही त्यांना स्पष्ट नाही तरी सांगा. दर वर्षी काय नवीन गोष्टी रचता?" पण स्पष्ट नाही म्हणायलाही छाती लागते.

मला भीती कशाची वाटते? गावात काय बोलतील याची. एकदा आत आलेला माणूस बाहेर निघणार नाही, याची. आणि सगळ्यात जास्त भीती याची, की दिली आणि काहीच वाईट झालं नाही, तर सांतानच्या वेळी मी का नाही दिली, याचं उत्तर मला सुचणार नाही. किल्ली जितकी वर्षं खिळ्याला राहते, तितकी ती काढणं अवघड होत जातं.

टीचरांच्या कार्याचं फलित काय, असंही संपादकांनी विचारलं आहे. मी प्रामाणिकपणे लिहितो: फार नाही. कुणी आश्रमात गेले, तिथून पळाले. कुणी गावी पोहोचले, परत आले. बरेच वारले. ओट्यावर पडणारी माणसं कमी झालेली नाहीत, वाढली आहेत. टीचरांना आता खाली बसलं की उठवत नाही, हात धरून उठवावं लागतं. पाण्याचा टब आता मी उचलतो. गुरुवार त्यांनी सोडलेला नाही. परवाच एका माणसाच्या टाचेत रुतलेली काच काढताना त्या पुटपुटल्या, "देवा, किती रे पाय." मला ती प्रार्थना वाटली. कदाचित ती तक्रार असेल. टीचरांच्या बाबतीत मला आता फरक कळत नाही.

आणि आता यंदाचं. गेल्या नाताळात टीचर नेहमीप्रमाणे घरी आल्या. फराळाची ताटली आणली. एलिझाच्या गुडघ्यांची चौकशी केली, माझं ब्लडप्रेशर विचारलं, रोहनच्या मुलाचा फोटो पाहिला. चहा घेतला. मी मनात कारण तयार ठेवून बसलो होतो. यंदाचं कारण पाण्याच्या टाकीचं होतं. टीचर उठल्या. स्वयंपाकघराच्या दारातून तो खिळा दिसतो. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. जिन्याकडेही पाहिलं नाही. "बरंय फेलिक्स, येते," म्हणाल्या आणि गेल्या.

जूनला अजून अवकाश होता. मी जूनची वाट पाहिली. जून आला, गेला. टीचर आल्या नाहीत. गुरुवारी भेटत, बोलत, हसत. माडीचा विषय त्यांनी काढला नाही.

इतकी वर्षं मला वाटत होतं, टीचर दर वर्षी माझ्याकडे काही मागायला येतात. यंदा कळलं, त्या दर वर्षी माझ्यासाठी येत होत्या. माझ्या नावाचं ताट त्या वाढत होत्या, मला हाक मारत होत्या. आता तेही थांबलं.

गौरवलेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायची आपली रीत आहे. ती मी मोडत नाही, पण माझ्या शुभेच्छेत स्वार्थ आहे, हे आधीच सांगतो. आदरणीय रेजिना टीचर, परमेश्वर तुम्हांला उदंड आयुष्य देवो. तुमचे गुडघे धड राहोत, हाताला कंप न येवो, तुमच्या बहिणीची सेवा तुमच्या हातून होत राहो. हे छापून येईपर्यंत मी किल्ली आणून दिलेली असेल, असं लिहायचा मोह होतो आहे. पण आतापर्यंत फार खोटं बोललो. हे लिहितानाही किल्ली खिळ्यालाच आहे, आणि ती आपणहून काढण्याएवढा मी चांगला माणूस नाही, हे तुम्हांला माझ्याहून आधी कळलेलं आहे.

म्हणून टीचर, जगा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नक्की जगा. आणि त्याआधी एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे येऊन पुन्हा विचारा.